धीर धरणारे घर : निवाऱ्यातल्या भेदरलेल्या कुत्र्याचा इतिहास

१/
७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री उचलावीत, त्यांची नसबंदी व लसीकरण करावे, त्यांना निवाऱ्यात ठेवावे आणि पुन्हा त्याच जागी सोडू नये. हा आदेश महानगरांपुरता नाही. लातूरपासून वीसेक किलोमीटरवरच्या औशालाही बसस्थानक आहे, शाळा आहेत, रुग्णालय आहे. कुत्रा चावण्याचे भय खरे आहे आणि रेबीजचे मृत्यूही खरे आहेत. त्याबद्दल वाद नाही. या थ्रेडचा प्रश्न त्यानंतरचा आहे. निवाऱ्यात गेलेल्या कुत्र्याचे पुढे काय होते?

२/
निवाऱ्यात दत्तक घ्यायला आलेले कुटुंब पाहताच शेपटी हलवत जाळीपाशी येते, ते पिल्लू लवकर घरी जाते. मागच्या भिंतीला पाठ लावून, मान खाली घालून, कोणाकडेही न पाहता बसलेले कुत्रे तिथेच राहते. माणूस असेपर्यंत ते जेवत नाही, हात पुढे आला की अंग चोरते. लोक म्हणतात, ‘हे भित्रं आहे, काही कामाचं नाही.’ अशा कुत्र्याला घर मिळू शकते का, आणि ते घर कसे असावे लागते? उत्तरासाठी हजारएक वर्षे मागे जावे लागेल.

३/
त्याआधी एका शब्दाविषयी. मराठीत ‘धीर धरणे’ म्हणजे वाट पाहणे, उतावीळ न होणे. ‘धीर देणे’ म्हणजे दुसऱ्याची भीती कमी करणे. ‘धीर खचणे’ म्हणजे हिंमत जाणे. संयम आणि धैर्य या दोन्ही गोष्टींना आपल्या भाषेने एकच शब्द दिला आहे. ज्याला स्वतःला धीर धरता येत नाही, त्याला दुसऱ्याला धीर देता येत नाही, हे त्या शब्दातच आले. पुढचा सगळा इतिहास या एका शब्दाभोवती फिरतो.

४/
आपल्या आठवणीत राहिलेली कुत्री मुख्यतः शूर आणि इमानी आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या ‘खंड्या’ या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवले, अशी परंपरा आहे. रायगडावरच्या ‘वाघ्या’चे स्मारक १९३६ चे. त्या कथेला समकालीन पुरावा नाही आणि त्यावरून आजही वाद होतात. पुरावा असो वा नसो, दोन्ही कथांचा साचा एकच आहे. कुत्र्याने पराक्रम केला, म्हणून त्याला दगड मिळाला.

५/
या साच्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र दहाव्या शतकातला आहे आणि त्याचा धागा लातूरला येऊन पोचतो. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवरेश्वर’, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी, असे बिरुद लावत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. याच घराण्यातील तिसऱ्या कृष्णाने इ. स. ९४९ च्या सुमारास तक्कोलम येथे चोळांचा पराभव केला. त्या लढाईत गंग राजा बुतुग याने चोळ युवराज राजादित्याला मारले.

६/
बुतुगाचा मणलेर नावाचा सरदार त्या युद्धात पराक्रम गाजवून गेला. राजा प्रसन्न होऊन म्हणाला, काय हवे ते माग. मणलेराने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. त्याने राजाचे ‘काळी’ नावाचे शिकारी कुत्रे मागितले. पुढे काळीने एका प्रचंड रानडुकराशी झुंज घेतली आणि दोघेही मेले. मणलेराने आतकूर गावी (आजचा मंड्या जिल्हा, कर्नाटक) मंदिरासमोर शिळा उभारली, तिच्या पूजेसाठी जमीन दिली आणि पूजा न करता पुजाऱ्याने जेवू नये अशी अट घातली. कुत्रा आणि डुक्कर यांची झुंज कोरलेला तो वीरगळ आज बंगळुरूच्या संग्रहालयात आहे.

७/
या शिलालेखातील एक बाब सहसा नजरेतून सुटते. काळीने घर बदलले होते. ते आधी राजाचे होते, नंतर सरदाराचे झाले. हजार वर्षांपूर्वी एका माणसाने विचारपूर्वक, नाव घेऊन, एक विशिष्ट कुत्रे आपल्या घरी मागून नेले याची ही दगडी नोंद आहे. मात्र मागणी झाली ती शूर कुत्र्याची. भेदरलेल्या कुत्र्याला कोणी मागून नेल्याची शिळा आपल्याकडे नाही.

८/
मराठवाड्याच्या धर्मजीवनात कुत्र्याला परके मानलेले नाही. माहूर हे दत्तात्रेयाचे क्षेत्र, आणि दत्तमूर्तीच्या पायाशी चार कुत्री असतात. त्यांना चार वेदांचे रूप मानतात. खंडोबाबरोबर कुत्रा असतो आणि त्याचे भक्त वाघ्ये कुत्र्यासारखे भुंकून देवाची चाकरी करतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडे, गाढवे, बैल यांच्या बाजाराबरोबर श्वान प्रदर्शनही भरते.

९/
संत नामदेवांची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, की देवा, कोरडी खाऊ नका. कथेचा भाव अद्वैताचा आहे आणि तो थोरच आहे. पण क्षणभर त्या कुत्र्याच्या बाजूने पाहू. मागे माणूस धावतो आहे, हातात काहीतरी आहे. भेदरलेल्या जिवाला वाटीतले तूप दिसत नाही, फक्त धावणारी पावले ऐकू येतात. उत्कट प्रेम आणि धीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवाऱ्यातून कुत्रे आणणाऱ्या अनेक मायाळू घरांची पहिली अडचण हीच असते.

१०/
पूर्वी गावातल्या बहुतेक कुत्र्यांना मालक नसे, पण जागा असे. गल्लीचे कुत्रे, खळ्यावरचे कुत्रे, धनगराच्या वाड्याचे कुत्रे अशी त्यांची ओळख. शिळी भाकरी चार घरांतून मिळे आणि रात्री अनोळखी पाऊल वाजले की ते भुंके. हे सुखाचे जिणे होते असे नाही. उपासमार होती, दगड होते, खरूज होती. पण कुत्र्याला पळायला वाट असे. माणूस नको असेल तर ते वीस पावले दूर जाऊन बसे. माणसापासून किती अंतरावर राहायचे, हे कुत्रे ठरवी. ही गोष्ट पुढे कामास येणार आहे.

११/
वसाहतकालीन शहरात हा व्यवहार मोडला. मुंबईत १८१३ पासून उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम होता. कुत्र्यामागे बक्षीस मिळे, त्यामुळे पकडणाऱ्यांचा उत्साह वाढे आणि पाळीव कुत्रीही उचलली जात. १८३२ मध्ये ही मोहीम लांबवली गेली. ६ जून १८३२ रोजी फोर्ट भागात पारशी समाज रस्त्यावर उतरला. झरतुष्ट्री धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी असा ‘सगदीद’ नावाचा त्यांचा अंत्यविधीच आहे.

१२/
दुसऱ्या दिवशी हरताळ झाला. त्यात हिंदू, जैन आणि इस्माइली व्यापारीही सामील झाले. बाजार बंद पडला, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली, अखेर लष्कर बोलवावे लागले. इतिहासात याला मुंबईची ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणतात. नाव ऐकून हसू येते. पण बिनमालकाच्या प्राण्याचे काय करायचे हे कोणी ठरवायचे, सरकारने की समाजाने, हा प्रश्न आधुनिक भारतात इतक्या उघडपणे विचारला गेल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण आहे.

१३/
दंगलीनंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. मारली जाणारी जनावरे ठेवायला जागा हवी, हा त्यामागचा हेतू होता. आपल्याकडच्या कुत्र्यांच्या निवाऱ्याची एक ठळक सुरुवात ही. पांजरपोळीने जीव वाचवले, हे तिचे मोठेच श्रेय. पण तिची कल्पना आश्रयाची होती. आत आलेले जनावर मरेपर्यंत सांभाळायचे. तिथून ते कोणाच्या घरी जावे, असा विचार त्या रचनेत नव्हता.

१४/
१८६० मध्ये लंडनला मेरी टिल्बी या बाईंनी हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी संस्था काढली आणि तिच्या नावातच ‘तात्पुरते घर’ असे शब्द घातले. पुढे बॅटर्सीला गेलेली प्रसिद्ध संस्था ती हीच. ‘तात्पुरते’ या शब्दात एक नवी कल्पना होती. निवारा हा मुक्काम आहे, घर पुढे आहे. अर्थात त्या ‘पुढे’साठी कुत्रे कोणाला तरी आवडावे लागे. म्हणजे निवड होई आणि निवडीत भित्रे कुत्रे मागे पडे. आश्रयाच्या कल्पनेत त्याला जीवन होते पण घर नव्हते. दत्तकाच्या कल्पनेत घर होते, पण ते धीट कुत्र्यांसाठी.

१५/
कायद्याचा प्रवासही पाहू. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारी संस्था निघाली आणि पुढे परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले. १८९० चा पहिला देशव्यापी कायदा, मग रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून आलेला १९६० चा कायदा. २००१ च्या नियमांनी नसबंदी व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडण्याची पद्धत आणली. २०२३ च्या नियमांनी ‘भटके’ऐवजी ‘सामुदायिक प्राणी’ हा शब्द रूढ केला. आणि २०२५ च्या आदेशाने काही जागांपुरता पुन्हा निवारा आला. मारणे, कोंडणे, सोडणे, पुन्हा कोंडणे. दोनशे वर्षांत एवढ्या पायऱ्या झाल्या, पण निवाऱ्यापासून घरापर्यंतची पायरी कोणत्याही कायद्याने बांधली नाही. ती माणसांवरच सोडलेली आहे.

१६/
आता भीतीच्या शास्त्राकडे, कारण त्याचाही इतिहास आहे आणि तो कुत्र्यांवरच घडला. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडला महापूर आला. इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरले. कुत्री छतापाशी नाक धरून कशीबशी तरंगत होती. नोकरांनी त्यांना पाण्यातून पोहत बाहेर काढले. सगळी वाचली. पण काही दिवसांनी प्रयोग सुरू केले तेव्हा काही कुत्र्यांच्या, विशेषतः मुळात भित्र्या असलेल्यांच्या, शिकवलेल्या सवयी नाहीशा झाल्या होत्या. भुकेले असूनही ती अन्नाला तोंड लावत नव्हती.

१७/
पाव्हलॉव्ह यांचे सहकारी स्पेरान्स्की यांनी एक साधी गोष्ट केली. कुत्र्याला खोलीत एकटे ठेवून बाहेरून प्रयोग करण्याऐवजी ते त्याच्याजवळ खोलीत बसून राहू लागले. त्याच्या सवयी हळूहळू परतल्या. इतकेच काय, ओळखीच्या माणसाचे कपडे खोलीत ठेवले तरी परिणाम दिसे. पण काही दिवसांनी दाराखालून पाण्याची बारीक धार खोलीत सोडली, तेव्हा ते कुत्रे पुन्हा पुराच्या रात्रीत जाऊन पोचले. भीती संपते असे नाही, ती निजते. आणि तिला निजवणारे औषध होते जवळ बसलेला, काहीही न मागणारा माणूस.

१८/
१९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले. प्रयोग क्रूरच होता. पुढे सुटण्याची वाट मोकळी असतानाही त्यांतील अनेक कुत्री पडून राहिली. ‘ही कुत्री असहायता शिकली’ असा निष्कर्ष निघाला आणि तो जगभर गाजला. २०१६ मध्ये याच दोघांनी स्वतःचा सिद्धान्त उलटा केला. दीर्घ आघातात निपचित पडणे ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते दुसरेच, की आपल्या करण्याने काही बदलू शकते.

१९/
इथे गल्लीतल्या कुत्र्याची ती वीस पावले आठवावीत. पिंजऱ्यात ती पावले जातात. माणूस नको असला तरी दूर जाता येत नाही. म्हणून ते भिंतीला चिकटते. त्याला आपण ‘भित्रा स्वभाव’ म्हणतो. प्रत्यक्षात त्याच्या हातून एक निवड काढून घेतलेली असते. धीर धरणारे घर पहिल्यांदा हीच निवड परत करते. जवळ ये किंवा येऊ नकोस, दोन्हीला इथे शिक्षा नाही.

२०/
औसा तालुक्याला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाची रात्र उलटत असताना, याच तालुक्यातील किल्लारी हादरली. हजारो माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. जी घरे उभी होती, त्यांतही लोक कितीतरी रात्री झोपले नाहीत. अंगणात, शेतात, पत्र्याखाली निजले. त्यांना कोणी भित्रे म्हटले नाही. माणसांच्या त्या दुःखाशी कशाचीही तुलना होऊ शकत नाही. पण त्यातून मिळालेले एक शहाणपण या भागाकडे आहे. छप्पर मिळणे आणि त्या छपराखाली झोप लागणे यांत महिन्यांचे अंतर असू शकते.

२१/
एक भेद मात्र लक्षात ठेवावा. प्रत्येक अलिप्त कुत्रे भेदरलेले नसते. लातूर जिल्ह्यात कारवानी आणि पश्मी कुत्री जोपासणारी शेतकरी कुटुंबे आजही आहेत. कारवानांबरोबर ही कुत्री दख्खनेत आली असे सांगतात. ‘पश्म’ म्हणजे फारसीत मऊ लोकर, आणि पश्मीच्या कानांवर व शेपटीवर तसे केस असतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी याच कुळातील कुत्री नावारूपाला आणली. २००५ मध्ये मुधोळ हाउंडवर टपाल तिकीटही निघाले. या कुत्र्यांना परक्याचा हात रुचत नाही. घरच्या माणसांत मात्र ती मोकळी असतात. भेदरलेले कुत्रे घरच्यांपासूनही दडते. पहिल्याचा मान राखावा, दुसऱ्याला वेळ द्यावा.

२२/
मग घर शोधताना काय विचारावे? ‘कुत्री आवडतात का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण सगळेच हो म्हणतात. विचारावे ते असे. घरात दिवसभर कोण असते? कुत्र्याला सोडणार नाही असा एक शांत कोपरा आहे का, जिथे कोणी हात घालणार नाही? घरातली लहान मुले ‘त्याच्याकडे जायचे नाही’ हे ऐकतील का? वरात, डीजे, दिवाळीचे फटाके आले की त्या रात्री कोण घरी थांबेल? महिनाभर त्याने अंगाला हात लावू दिला नाही, तर तुम्ही रागवाल, रडाल की रोजच्या वेळी भाकरी ठेवून बाजूला व्हाल? शेवटच्या प्रश्नाला ‘बाजूला होऊ’ हे उत्तर सहज आले, तर ते घर बरे.

२३/
नेल्यावर काय करावे, तेही थोडक्यात. जेवणाची वेळ आणि जागा बदलू नये. समोर उभे राहून डोळ्यांत पाहू नये. जमिनीवर, पाठ किंवा कूस त्याच्याकडे करून बसावे आणि आपले पुस्तक वाचावे. नातेवाइकांना दाखवायला बोलवू नये. पहिल्या आठवड्यांत बाहेर नेताना गळपट्टा आणि अंगपट्टा असे दोन्ही बांधावे, कारण भेदरलेले कुत्रे एका झटक्यात निसटते आणि अनोळखी गावात सापडत नाही. रेबीजची लस चुकवू नये. घरात आधीचे शांत कुत्रे असेल तर फार उत्तम. नवे कुत्रे माणसापेक्षा त्याच्याकडून लवकर शिकते.

२४/
निवाऱ्यांत एक ढोबळ हिशेब सांगतात. पहिले तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे घराची रीत कळण्याचे, तीन महिने आपलेपणाचे. भेदरलेल्या कुत्र्याला हा हिशेब लावू नये. त्याला वर्षही लागेल. प्रगतीच्या खुणा बारीक असतात. आज ते तुम्ही खोलीत असताना जेवले. आज ते उताणे झोपले. आज गेट वाजल्यावर लपले नाही, नुसते कान टवकारले. या खुणा ज्याला दिसतात, त्याला ते वर्ष लांब वाटत नाही.

२५/
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपल्याला पराक्रमाच्या नोंदी वाचायची सवय आहे. वीरगळ, समाध्या, सनदा. धीराची नोंद कुठे होत नाही, कारण तीत काही घडत नाही. एक माणूस ओसरीवर बसून असतो आणि एक कुत्रे दाराआडून त्याच्याकडे पाहत असते, एवढेच. पण येत्या काळात गावोगाव निवारे भरतील, तेव्हा तिथल्या मागच्या भिंतीपाशी बसलेल्या कुत्र्यांचे भवितव्य अशाच नोंद न होणाऱ्या ओसऱ्यांवर ठरणार आहे. मणलेराने राजाकडे शूर कुत्रे मागितले आणि त्याची शिळा झाली. आपल्यापैकी कोणी निवाऱ्यात जाऊन ‘ते मागे बसलेले द्या’ असे म्हटले, तर त्याची शिळा होणार नाही. कुत्र्याला मात्र घर मिळेल.

(थ्रेड समाप्त)